दोरा दिल्लीवरूनच जातो

फेब्रुवारी संपता संपता या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. व्हिसा, विमा, बॅगांची वजनं मागे पडतात आणि ‘किती तास लागतात हो?’ सुरू होतं. उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडलांची तिकिटं याच सुमाराला निघतात ना! लक्ष्मी रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी तिकिटांच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न मला झोपेतही ऐकू येतो. या वेळी सगळी पत्रं अंतर आणि वेळ यांचीच घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यात माझीच एक जुनी चूक निस्तरायची आहे.

प्रश्न : मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असतो. सुनेच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मे महिन्यात निघतोय. मोबाइलवर पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साडेतेरा हजार कि.मी. दाखवतात. विमान ताशी ९०० कि.मी. जातं म्हणे. भागाकार केला तर पंधरा तास येतात. मुलगा म्हणतो, ‘आई, चोवीस तास धर.’ वरचे नऊ तास कुठे जातात? मुलगा फ्रँकफर्टवरून या म्हणतो. ह्यांचं म्हणणं, पृथ्वी गोल आहे, सिंगापूरवरूनही तेवढंच पडेल. शेजारचे दिल्लीहून थेट विमान घ्या म्हणतात, पण दिल्ली म्हणजे उलटा वळसा नाही का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, भागाकार बरोबर आहे. भाज्यही बरोबर आहे. आधी अंतराचं बघू, मग तासांचं.

माझ्याकडे नातीचा पृथ्वीचा गोल आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेला, एक फूट व्यासाचा, जरासा कलंडलेला. तुमचं पत्र आलं तेव्हा सकाळची फुलपुडी नुकतीच सोडली होती. तिचा दोरा घेतला, एक टोक चिकटपट्टीनं पुण्यावर लावलं (गोलावर पुणे छापलेलंच नाही, मुंबईच्या ठिपक्याच्या उजवीकडे तीन मिलिमीटर सरकून अंदाजानं) आणि दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणला. सैल असेपर्यंत दोरा कुठंही बसतो, पण ताणला की घसरत घसरत आपली वाट आपणच शोधतो. आणि ताणलेल्या दोऱ्याची वाट हीच सगळ्यात जवळची.

ही वाट अरबी समुद्रावरून जात नाही, युरोपवरूनही जात नाही. पुण्याहून उत्तरेला निघते, किंचित पूर्वेकडे झुकते आणि थेट दिल्लीच्या डोक्यावरून जाते. पुढे हिमालय, चीनमधलं तक्लामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, सायबेरिया. तिथून आर्क्टिक समुद्रावर ७५ अंशांच्याही वर चढते आणि पलीकडे अलास्कात उतरते. मग कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला धरून खाली सॅन फ्रान्सिस्को. दोऱ्यावर पेननं खूण करून पट्टीला लावला तर ३२ सेंटिमीटर भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे कि.मी. करा गुणाकार, तुमच्या मोबाइलचाच आकडा येतो.

आता माझी चूक. ३१ वर्षांत निदान शे-दीडशे जणांना मी काउंटरवरून सुनावलं असेल, ‘अहो, अमेरिकेला जाताना दिल्लीला कशाला उलटं जाता?’ आकडे तोंडपाठ होते, पण डोळ्यांसमोर नकाशा असायचा तो भिंतीवरचा, सपाट. त्या नकाशावर अमेरिका डाव्या हाताला असते, म्हणून मी प्रवाशांना डावीकडे ढकलत राहिले. प्रत्यक्षात पुणे-दिल्ली साधारण ११६० कि.मी. आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज करा, १३,५४० येते. पुण्यापासूनचं सरळ अंतरही तेवढंच! म्हणजे दिल्लीला गेल्यानं एक कि.मी.चासुद्धा वळसा पडत नाही. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ रेघ मारली, तर ती गोलावर १९ हजार कि.मी.च्या वर भरते. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

पण तो दोरा जसाच्या तसा कोणी उडत नाही, हेही सांगायला हवं. पहिली अडचण तिबेट. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन कि.मी. उंचीपर्यंत खाली यावं लागतं. डोक्यावरून लोंबणारे ते ऑक्सिजनचे मुखवटे काही मिनिटांपुरतेच असतात. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार कि.मी. उंच, खाली येणार कुठे? म्हणून विमानं तो सगळा डोंगराळ भाग शक्यतो टाळतात. दुसरी अडचण माणसांनी केलेली. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं. अशा बंदीत उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खाली अरबी समुद्रावरून फिरून जावं लागतं. दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, पायलटला कळाव्या लागतात.

आता ह्यांच्या सिंगापूरकडे. मुंबईहून दुबईमार्गे गेलात तर सुमारे १४,९५० कि.मी. होतात, फ्रँकफर्टमार्गे १५,७००, सिंगापूरमार्गे १७,५००. पृथ्वी गोल आहे हे ह्यांचं बरोबर, पण सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं आहे आणि आपली वाट आहे ध्रुवाकडून. तिकडून गेलात तर फ्रँकफर्टपेक्षा अठराशे कि.मी. जास्त. हाताच्या तिकिटांच्या काळात अशा वळशाचे पैसेही पडायचे. दोन गावांमध्ये किती मैल फिरायची मुभा आहे ते पुस्तकात छापलेलं असे. त्याहून जास्त फिरलात की भाड्यावर ५, १०, १५, २०, २५ टक्के चढत आणि पंचवीसच्याही वर गेलात तर भाड्याचे दोन तुकडे करावे लागत. कॅल्क्युलेटरवर मैल जुळवताना आमची जेवणाची सुट्टी निघून जायची. आता सगळं मशीन करतं आणि लांबच्या वाटेचं तिकीट कधीकधी स्वस्तही निघतं. त्यामुळे ह्यांना सिंगापूर बघायचंच असेल तर मी मध्ये पडत नाही.

तुमचे हरवलेले नऊ तास आता सापडतील. फ्रँकफर्टची वाट धरू. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास, तिथे तीन तास थांबा, पुढे फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को साधारण साडेअकरा. झाले साडेतेवीस. मुलानं गोळाबेरीज करून चोवीस सांगितले. नऊपैकी तीन तास तर फ्रँकफर्टच्या बाकावर बसून गेले. दोन-अडीच तास त्या बावीसशे कि.मी.च्या वळशानं खाल्ले. उरलेले तुमच्या ‘ताशी ९००’नं. विमान ९०० नं जातं ते वर, अकरा कि.मी. उंचीवर पोचल्यावर. आणि तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान फाटकापासून हललं तिथपासून पलीकडे फाटकाला लागेपर्यंत. मुंबईत धावपट्टीकडे रांगेत रांगत जाणं, चढणं, उतरणं, वरती घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. विमान ‘वीस मिनिटं लवकर पोचलं’ म्हणून टाळ्या वाजतात ना, ती वीस मिनिटं बहुधा ह्याच खिशातली असतात.

आणि मुलानं तुम्हाला सांगितलेलं नाही ते मी सांगते. रात्री दीडचं विमान असेल तर सहकारनगरहून संध्याकाळी साडेसहाला निघायचं. पुणे ते सहार, म्हणजे मुंबईचा विमानतळ, दीडशे कि.मी., पण घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर चारचे पाच तास होतात. कंपन्यांचे काउंटर बहुधा सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात आणि बंद म्हणजे बंद. हे झाले सात तास. पलीकडे इमिग्रेशनची रांग, बॅगा, मुलाच्या गाडीतून फ्रीमाँट धरून दोन. म्हणजे घराच्या कुलपापासून सुनेच्या दारापर्यंत साडेबत्तीस तास. डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत कुठे ठेवायचा ते ठरवताना हा आकडा लक्षात ठेवा, आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या घड्याळानं घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे.

दिल्लीचं थेट विमान जवळपास सोळा तासांचं, कधी कमी कधी जास्त. पुणे-दिल्ली सव्वादोन तास आणि मधला थांबा धरूनही एकूण वेळ वाचतो, मुख्य म्हणजे घाट वाचतो. पण सोळा तास एका खुर्चीत बसणं गुडघ्यांना झेपेल का, हे तुम्हीच ठरवायचं. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर ते फ्रँकफर्ट म्हणतील.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, कारण गाव त्याच्याकडे येत असतं. प्रत्यक्षात मुंबई-लंडन जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. असं का? विमान नुसतं वर उचलून थांबवून ठेवलं तर?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : बाळा, विमान वर थांबवून ठेवलंस तर खाली धनकवडीच असेल. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत आहे. चालत्या शिवनेरीत चेंडू वर उडवलास तर तो मागच्या सीटवर पडत नाही, तुझ्याच हातात येतो. तसंच हे.

फरक पडतो तो वाऱ्यानं. साधारण नऊ ते बारा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे कि.मी. वेग नेहमीचाच, हिवाळ्यात आणखी. विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकातून अलका टॉकीजकडे निघालास तर पाय न उचलताही पोचशील, मिरवणूकच नेते. तोच तू अलकापासून उलटा मंडईकडे जाऊन दाखव! चालण्याचा वेग तोच, ढोलपथकं समोरून येतात एवढंच. मुंबई-लंडन सुमारे ७२०० कि.मी. आहे. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. त्यामुळे येताना साधारण तासभर वाचतो.

याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर वादळ होतं, वारे बेफाम होते. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी तिथे सहा-साडेसहा लागतात. त्याच रात्री उलट्या दिशेनं जाणाऱ्यांचं काय झालं असेल ते बातमीत येत नाही.

पण तुला आवडेल असं उदाहरण आपल्याकडचं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पूर्वेकडून, जपानवरून पॅसिफिक ओलांडून नेलं. अंतर वाढून १५,३०० कि.मी. झालं, तरी पोचायला साडेचौदा तास लागले, आधीपेक्षा कमी! लांबची वाट लवकर संपली, कारण वारा पाठीशी होता. वरच्या ताईंच्या पत्रात मी इतका वेळ दोरा ताणत बसले, पण विमान कंपनीचा माणूस दोरा मोजत नाही. तो रोज वाऱ्याचा नकाशा पाहतो आणि वाट आखतो, एकाच आठवड्यात एकाच विमानाच्या दोन वाटा निघू शकतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. सुमारे १४ हजार कि.मी., सतरा तास. ती बातमी वाचली तेव्हाच खरं तर मी गोल हातात घ्यायला हवा होता.

प्रश्न : आमच्या तिकिटावर सुटण्याची वेळ १४ मे, ००:५५ अशी आहे. म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून निघालं तर चालेल ना? गाडी सांगून ठेवायची आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही! काका, गाडी १३ तारखेला संध्याकाळी पाचची सांगा. आत्ता, हा अंक खाली ठेवून.

००:५५ म्हणजे १४ तारीख लागून पंचावन्न मिनिटं झालेली असताना. आपण ज्याला १३ तारखेची रात्र म्हणतो ती. आपल्या बोलण्यात दिवस झोपून उठल्यावर बदलतो, विमानतळावर बाराच्या ठोक्याला.

मला नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती. सदाशिव पेठेतलं एक वयस्कर जोडपं पुतण्याच्या लग्नाला लंडनला निघालं होतं. तिकीट मीच हातानं लिहिलं होतं, लाल कार्बनचं, तारीख १४, वेळ ००४०. वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. १५ तारखेला सकाळी ऑफिस उघडतंय तोच सहारवरून एसटीडी. काकांचा आवाज अगदी शांत होता. ‘बाई, आम्ही वेळेवर आलो हो. हे म्हणतात विमान काल गेलं.’ १४ तारखेला दुपारचा चहा घेऊन, शेजाऱ्यांकडून हळदीकुंकू लावून घेऊन ते निघाले होते. पुढची जागा तीन दिवसांनी मिळाली, तोवर मुहूर्त टळला होता. साहेब म्हणाले, तिकीट बरोबर आहे, आपली चूक नाही. तिकीट बरोबरच होतं. पण काकूंनी पुतणसुनेसाठी घेतलेली पैठणी परत येऊन ऑफिसात दाखवली, ती मी अजून विसरलेले नाही. पोस्टानं पाठवायला जीव होत नव्हता म्हणाल्या.

त्यानंतर रात्री बारा ते तीनमधल्या प्रत्येक तिकिटाच्या पाकिटावर मी पेन्सिलीनं लिहायला लागले, ‘१३ तारखेला दुपारचा चहा पुण्यात, रात्रीचं जेवण सहारला.’ एक्स्प्रेस वे नव्हता तेव्हा, म्हणून दुपारचा चहा. २००८ मध्ये कागदी तिकिटं बंद झाली आणि पाकीटही गेलं. आता मोबाइलवर पेन्सिल चालत नाही, म्हणून इथे लिहिते.

प्रश्न : ‘डायरेक्ट’ म्हणून तिकीट घेतलं आणि विमान मध्येच दीड तास थांबलं. ही फसवणूक नाही का? आणि पुण्याहूनच युरोप-अमेरिकेला न थांबता जाणारं विमान का नाही?
— एक वाचक, औंध

उत्तर : फसवणूक नाही, शब्दाचा घोळ. आमच्या धंद्यात ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइटचा नंबर बदलत नाही एवढंच, वाटेत थांबू शकतं. कुठेच थांबत नाही ते ‘नॉन-स्टॉप’. घेताना ‘नॉन-स्टॉप आहे का?’ असंच विचारा, आणि विकणारा ‘हो, डायरेक्टच आहे’ म्हणाला तर पुन्हा विचारा.

लोहगावचं, म्हणजे पुण्याच्या विमानतळाचं म्हणाल तर तो हवाई दलाचा तळ आहे, आणि धावपट्टी अडीच कि.मी.च्या आसपास. पंधरा-सोळा तास उडायचं तर विमानाला शंभर टनांच्या वर इंधन पोटात घेऊन उठावं लागतं. त्याला लांब पळायला जागा लागते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर वर आणि एप्रिलच्या दुपारी चाळीस अंश. हवा विरळ, पंखांना उचल कमी. असं विमान इथून उठवायचं तर निम्मं इंधन किंवा निम्मी माणसं खाली ठेवावी लागतील. २००८ मध्ये लुफ्तान्सानं पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं ते म्हणूनच छोट्या विमानानं, मोजक्या जागांचं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले होते. काही काळ त्यालाही वाटेत इंधनासाठी उतरावं लागे. म्हणजे तेही ‘डायरेक्ट’च!

प्रश्न : तिकिटावर मुंबईहून १४ ला पहाटे निघून सॅन फ्रान्सिस्कोला १४ लाच दुपारी पोचतो असं आहे. अकरा तासांत अमेरिका कशी? येताना मात्र दोन दिवस जातात. छपाईची चूक तर नाही?
— एक वाचक, वारजे

उत्तर : नाही. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. पहाटे दीडला निघालात, साडेतेवीस तास गेले, इथे १५ तारखेचा पहाटेचा एक वाजला. त्यातून साडेबारा वजा करा, १४ तारखेचे दुपारचे साडेबारा. येताना तेच साडेबारा परत द्यावे लागतात, म्हणून तारीख दोननं पुढे जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. हिवाळ्यात साडेतेरा धरायचे. युरोपचे रविवार वेगळे, मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे. अमेरिकेच्या आणि युरोपच्या रविवारांच्या मधल्या दिवसांत मुलांना फोन करणाऱ्या आयांचा हमखास गोंधळ होतो, काळजी करू नका.

प्रश्न : आमचा प्रवास संकष्टीला आहे. फ्रँकफर्टहून सकाळी सुटून विमान पश्चिमेला जाणार. चंद्रोदय कुठला धरायचा? गेली ४० वर्षं उपास मोडलेला नाही.
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : धर्मशास्त्राचा अधिकार माझा नाही, पण विमानाचं सांगू शकते. त्या प्रवासात संध्याकाळ होतच नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १६७० कि.मी. वेगानं पूर्वेकडे फिरतो, पण जसजसे उत्तरेला जाल तसा तो वेग कमी होतो. ५७ अंशांवर तो ताशी ९०० च्या आसपास उरतो, म्हणजे विमानाइतकाच. तिथे विमान सरळ पश्चिमेला निघालं की सूर्य खिडकीत जिथे आहे तिथेच उभा. तुम्ही जेवा, झोपा, उठा, बाहेर मघाचीच वेळ. मी स्वतः एकदा या वाटेनं गेले, तेव्हा शेजारच्या बाईंनी खिडकीची झडप तीनदा उघडली आणि तीनदा ‘अजून दुपारच!’ म्हणून लावली.

चंद्राचंही तेच. तो उगवायचा तो तुमच्या मागे, पूर्वेला, आणि तुम्ही त्याच्यापासून पळताय. वर अकरा कि.मी. उंचीवर क्षितिज खाली जातं, त्यामुळे जमिनीपेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी चंद्र दिसू शकतो हे खरं, पण पळण्यात जे तास लांबतात त्यापुढे ते काहीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चंद्राची वाट पाहिलीत तर पुण्यात सकाळी सुरू झालेला उपास तीस तासांच्या वर जाईल.

माझी आई या बाबतीत फार करडी होती. पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा तिनं मनगटावर दोन घड्याळं बांधली होती, एक पोचायच्या गावाचं, एक पुण्याचं. पुण्याच्या घड्याळात पंचांगातली वेळ झाली, तशी तिनं खिडकीकडे हात जोडले आणि पर्समधून मोदकाची पुडी काढली. तुम्हीही निघताना कालनिर्णयमधली पुण्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. विमान कंपनीला शाकाहारी ताट मात्र आधी सांगून ठेवा, निदान चोवीस तास. ऐन वेळी मिळत नाही.